शटर दुरुस्त करायचं की नवीन बसवायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी मागे घेताना शटरला धडकली, रात्री कोणी पहार घालून उचकटलं, चार पावसाळ्यांत खालच्या पट्ट्या कुजल्या, किंवा एका सकाळी शटर जागचं हलेनाच. कारण कुठलंही असो, पुढचा प्रश्न हाच असतो. इथली उत्तरं दुकानाच्या गाळ्याला, गोडाऊनला आणि बंगल्याच्या पार्किंगला बसवलेल्या लोखंडी रोलिंग शटरबद्दल आहेत. हाताने ओढायच्या आणि मोटरवर चालणाऱ्या, दोन्ही.

शटरला मोठा पोचा आला आहे. म्हणजे नवीनच घ्यावं लागेल ना?

बहुतेक वेळा नाही. पोचा डोळ्यांत भरतो, पण निर्णय त्याच्यावर ठरत नाही. शटर म्हणजे सुट्या भागांची जुळणी आहे: एकमेकींत अडकलेल्या पट्ट्यांचा पडदा, दोन्ही बाजूंचे गाईड (पडद्याच्या कडा ज्यांत सरकतात ते उभे चॅनेल), तळाची जाड बॉटम प्लेट, वरचा पाईप, पाईपवरच्या पुल्या, त्यांच्या आतल्या स्प्रिंगा आणि हे सगळं भिंतीला धरून ठेवणारे दोन ब्रॅकेट. यातला जवळजवळ प्रत्येक भाग वेगळा बदलता येतो. समोरच्या चार पट्ट्या चेपल्या असल्या तरी पाईप सरळ, ब्रॅकेट घट्ट आणि पट्ट्यांच्या कडा शाबूत असतील, तर ते शटर अजून बरीच वर्षं चालेल. उलट बाहेरून नुकतंच रंगवलेलं, एकही पोचा नसलेलं शटर आतून संपलेलं असू शकतं.

मग तपासायचं काय, आणि कुठल्या क्रमाने?

वरून खाली या. आधी हूड कव्हर, म्हणजे वरच्या गुंडाळीवरचं झाकण, काढून ब्रॅकेट बघा. भिंतीला भेग गेली आहे का, बोल्ट सैल आहेत का, गिलावा फुगला आहे का? इथे गडबड असेल तर बाकी तपासणी थांबवा आणि शटर वापरणं बंद करा. मग पाईप बघा. शटर पूर्ण खाली असताना ब्रॅकेटपासून ब्रॅकेटपर्यंत पाईपशेजारी दोरी ताणून धरा. मधोमध पाईप स्पष्ट झुकलेला दिसला, तर त्याला पडद्याचं वजन झेपलेलं नाही, किंवा तो मुळातच हलका घातला होता.

त्यानंतर पट्ट्या. पट्टीचं पोट बघू नका, कड बघा. वरची पट्टी खालच्या पट्टीत जिथे अडकते तिथे पाणी साचतं आणि गंज आतून बाहेर येतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक त्या जोडावर दाबून फिरवा. पापुद्रे सुटले किंवा टोक आत गेलं, तर ती पट्टी गेली. दहा-बारा ठिकाणी हे केलं की गंज फक्त तळाला आहे की पडदाभर पसरला आहे ते कळतं. शेवटी गाईड: आतल्या बाजूने बोट फिरवा, ओठ, म्हणजे खाचेच्या कडा, उघडले आहेत का, पाया कुजला आहे का ते बघा, आणि दोन गाईडमधलं अंतर वर, मध्ये, खाली असं तीनदा मोजा. मापात बोटभर फरक आला तर शटर अडकण्याचं कारण तुम्हाला सापडलं.

कालपर्यंत एका हाताने उचलायचो, आज दोघांनी उचलावं लागतं. काय झालं?

स्प्रिंग तुटली. एखादीच तुटली असेल तर शटर जड होतं आणि अनेकदा एका बाजूने तिरकं वर जातं. दहा फूट रुंद, आठ फूट उंच शटरच्या २० गेजच्या, म्हणजे ०.९ मिलिमीटर पत्र्याच्या, पडद्याचं वजन साधारण ७५ ते ८५ किलो भरतं. तुम्हाला ते जाणवत नाही, कारण शटर खाली येताना पुल्या फिरतात, स्प्रिंगा पिळल्या जातात, आणि वर नेताना तोच पीळ वजन उचलतो.

स्प्रिंगा ठीक आहेत का हे पाहायला शटर अर्ध्यावर आणा आणि हात जवळ ठेवूनच हळूच सोडा. जागेवर थांबलं किंवा बोट-दोन बोटं हललं, तर ताण बरोबर आहे. धाडकन खाली येत असेल तर स्प्रिंग तुटली आहे किंवा पीळ कमी झाला आहे. झपकन वर जात असेल तर पीळ जास्त आहे.

ही दुरुस्तीच आहे. केवळ स्प्रिंगेसाठी नवीन शटर घ्या असं सांगणाऱ्याकडून काम करून घेऊ नका. मात्र एक तुटली की बाकीच्याही बदला. सगळ्या एकाच दिवशी बसलेल्या असतात, तेवढ्याच वेळा पिळल्या गेलेल्या असतात, आणि प्रत्येक वेळी पडदा सोडवण्याची मजुरी पुन्हा पडते. तो माणूस वर चढलाच आहे तर पुल्याही फिरवून बघायला सांगा; बिडाच्या पुलीला तडा गेला असेल तर नवी स्प्रिंग घालूनही उपयोग नाही.

यूट्यूबवर बघून स्प्रिंग आपली आपण बदलली तर?

करू नका. हाताने ओढायच्या शटरमध्ये पाईप स्थिर असतो आणि ब्रॅकेटवर यू क्लॅम्पने आवळलेला असतो. स्प्रिंगेचं एक टोक पाईपला, दुसरं पुलीला. पीळ देताना पाईप पान्याने फिरवून क्लॅम्प आवळतात, म्हणजे सगळा ताण त्या क्लॅम्पवर धरलेला असतो. ताण न उतरवता क्लॅम्पचे नट सैल केले की पाईप क्षणात उलटा फिरतो, पाना हातातून सुटतो, आणि मनगट किंवा जबडा फुटतो. तेही शिडीवर उभं असताना. कारागीर आधी शटर पूर्ण वर नेतो, कारण तिथे पीळ सर्वांत कमी असतो, पडदा दोरीने बांधतो, आणि दोघे मिळून पाईप धरून ताण उतरवतात. तुमच्याकडे आलेला माणूस एकटा असेल आणि पडदा न बांधता पाना लावत असेल, तर त्याला थांबवा.

किती पट्ट्या खराब असतील तर दुरुस्ती परवडते?

पट्टी बहुधा ७५ किंवा ८० मिलिमीटरची असते. आठ फुटी उंचीला ७५ मिलिमीटरच्या सुमारे ३३ पट्ट्या लागतात, शिवाय पाईपवर गुंडाळलेल्या तीन-चार. आमचा हिशोब असा: सलग चार-सहा पट्ट्या गेल्या असतील तर डोळे झाकून दुरुस्ती. एक तृतीयांशाच्या पुढे गेल्या, किंवा गंज विखुरलेला असला, तर पडदा नवा घ्या आणि गाईड, पाईप, ब्रॅकेट चांगले असतील तर तेच ठेवा. हा मधला पर्याय फार लोकांना ठाऊक नसतो, आणि पुष्कळदा तोच सर्वांत शहाणपणाचा असतो. दुरुस्तीचा आकडा संपूर्ण नव्या शटरच्या निम्म्यावर गेला की मग नवीनच.

एक अडचण आधीच ध्यानात घ्या. पट्टी बाजूला सरकवूनच निघते. गाळा दोन भिंतींच्या मध्ये असेल तर दहा फुटी पट्टी सरकवायला दहा फूट जागा नसते, म्हणून अख्खा पडदा गाईडमधून सोडवून रस्त्यावर आडवा करावा लागतो. मजुरी तिथे वाढते; ती बोलूनच घ्या.

वाकलेली पट्टी ठोकून सरळ होत नाही का?

पोटातला पोचा लाकडी ठोकळ्यावर ठेवून बऱ्यापैकी निघतो. कड चेपली असेल तर नाही. चेपलेली कड शेजारच्या पट्टीत नीट फिरत नाही, गुंडाळी जाडजूड होते आणि वर हूड कव्हरला घासते. शिवाय ताणलेला पत्रा पुन्हा मूळ लांबीला येत नाही, त्यामुळे सरळ केलेली पट्टी मध्ये फुगलेली राहते आणि दाबली की डबडब आवाज करते. दिसायला चालत असेल तर ठेवा, अडकत असेल तर बदला.

नव्या पट्ट्या जुन्यांत बसतील का?

डिझाइन जुळलं तरच. पट्ट्या वेगवेगळ्या कारखान्यांच्या रोलवर बनतात, आणि रुंदी तीच असली तरी कडेचा गोल वेगळा असू शकतो. सैल बसली तर पहारीने सहज निघेल, घट्ट बसली तर वळणार नाही. खराब पट्टीचा सहा इंचांचा तुकडा कापून दुकानात घेऊन जा आणि नवीन पट्टी त्यात सरकवून, वळवून बघूनच घ्या. तीन-चार ठिकाणी विचारूनही जुळणारी मिळाली नाही, तर पडदा बदलण्याला दुसरा इलाज उरत नाही.

फक्त तळाचा एक फूट भाग गंजला आहे.

महाराष्ट्रातल्या शटरचं हे सर्वांत नेहमीचं दुखणं. पावसाचं पाणी, दुकान धुताना फिनेल घातलेलं पाणी आणि उंबरठ्याशी साठलेली माती यांमुळे बॉटम प्लेट आणि खालच्या तीन-चार पट्ट्या आधी जातात. तेवढ्याच बदला. गाईडचा पायाही बघा. तो कोब्यात पुरलेला असेल तर नेमका जमिनीच्या रेषेवर कुजतो. खालचा फूटभर गाईड कापून तेवढाच नवा चॅनेल वेल्ड करता येतो, पण आतल्या बाजूचा सांधा ग्राइंडरने गुळगुळीत झालाच पाहिजे, नाहीतर पट्टी दर वेळी तिथे अडेल. काम चालू असतानाच उंबरठ्याला बाहेरच्या बाजूने उतार करून घ्या. तो नसेल तर नवी प्लेटही तशीच जाईल.

वेल्डिंगवाला म्हणतो, वरून पत्रा मारून देतो.

बॉटम प्लेटवर चालेल. पट्ट्यांवर नको. ०.९ मिलिमीटरचा पत्रा वेल्डिंगने जळून भोकं पडतात, आणि दोन पट्ट्या एकमेकींना चिकटवल्या की तेवढा भाग वळत नाही. मग पाईपवर गुंडाळताना तो कोन धरतो आणि वरच्या चांगल्या पट्ट्यांनाही वाकवतो.

शटर मध्येच अडकतं आणि तिरकं होतं. पट्ट्या तर ठीक दिसतात.

पट्ट्यांच्या टोकांना, साधारण एकाआड एक, बिडाचे एंड लॉक रिव्हेट केलेले असतात. पट्टी बाजूला सरकू नये हे त्यांचं काम. एखादा लॉक तुटला की पट्टी हळूहळू एका बाजूला बाहेर येते आणि गाईडच्या खाचेच्या तळाला घासू लागते. तिथे चकचकीत ओरखडा दिसेल. पट्टी ठोकून जागेवर आणून नवा लॉक बसवायचा. किरकोळ काम आहे. ते टाळून रोज जोर लावून शटर ओढलं, तर मात्र गाईडचे ओठ उघडतात आणि किरकोळ काम मोठं होतं.

ब्रॅकेटजवळ भिंत फुटली आहे. सिमेंट भरून चालेल?

नाही. सगळ्या शटरचं वजन आणि स्प्रिंगेचा पीळ त्या दोन जागांवर असतो. पडदा खाली आणून ठेवा, कोणालाही खालून जाऊ देऊ नका, आणि मगच माणूस बोलवा. काँक्रीटच्या कॉलम किंवा बीममध्ये अँकर फास्टनर नीट धरतात. हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंतीत साधे फास्टनर कालांतराने सैल पडतात. तिथे आरपार बोल्ट आणि मागून लोखंडी प्लेट, किंवा ब्रॅकेटपासून जमिनीपर्यंत स्वतंत्र लोखंडी खांब हवा. शटर चांगलं असेल तर तेच परत चढवता येतं.

चोरांनी मधोमध उचकटलं. आता काय?

आधी दुरुस्ती नाही. फोटो, पोलिसांचा पंचनामा, आणि विमा असेल तर कंपनीला कळवून सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत वाकलेल्या पट्ट्या भंगारात देऊ नका. रात्रीपुरतं आतून लाकडी आडवे लावून बंद करा.

मधोमध उचकटलं जातं, कारण कुलपं फक्त दोन्ही टोकांना असतात आणि रुंद शटरची बॉटम प्लेट मध्ये लवते. पट्ट्या बदलून तीच रचना ठेवली तर चोर पुन्हा येईल. बॉटम प्लेटला आतून अँगल जोडा, मध्ये जमिनीत अडकणारं सेंटर लॉक घाला. शटर बारा फुटांहून रुंद असेल तर रात्री लावायचा, दिवसा काढून ठेवायचा मधला खांब करून घ्या आणि पडद्याचे दोन भाग करा. इथे नवीन घेणं योग्य ठरू शकतं, कारण जुनं २२ गेजचं असेल तर ते मुळातच कमजोर होतं.

गेज म्हणजे किती? नवीन घेताना कुठला मागावा?

१८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, २० म्हणजे ०.९, २२ म्हणजे ०.७. आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो. केंद्र सरकारच्या बांधकाम विभागाच्या, म्हणजे सीपीडब्ल्यूडीच्या तपशिलात साडेतीन मीटरपर्यंत रुंदीच्या शटरला किमान ०.९० मिलिमीटर आणि त्यापुढे त्याहून जाड पट्टी सांगितली आहे. गाईड साडेतीन मीटरपर्यंत ६५ मिलिमीटर खोल, त्यापुढे ७५. हाताने ओढायचं शटर बेअरिंगशिवाय ८ चौरस मीटरपर्यंत आणि बेअरिंगसह १२ पर्यंत. त्याहून मोठं असेल तर गिअर-साखळी किंवा मोटर. रोलिंग शटरसाठी आयएस ६२४८ हे भारतीय मानकही आहे. रस्त्यावरच्या दुकानाला २२ गेज आम्ही सुचवणार नाही.

आणि जुन्या पाईपवर जाड पडदा चढवत असाल तर हिशोब करा. २२ वरून १८ वर गेलात की वजन सुमारे ७० टक्क्यांनी वाढतं. जुन्या स्प्रिंगा ते उचलणार नाहीत आणि पाईपही लवेल.

आमचं घर समुद्राजवळ आहे. तीन-चार वर्षांत शटर सडतं.

मालवण, रत्नागिरी, अलिबाग, गोव्याची किनारपट्टी, मुंबईत समुद्राकडचा भाग: खाऱ्या हवेत साधं रंगवलेलं लोखंडी शटर पुन्हा पुन्हा दुरुस्त करण्यात पैसे घालवू नका. एकदा कडांमध्ये गंज शिरला की रंग तिथपर्यंत पोहोचतच नाही. पुढचं शटर गॅल्व्हनाइज्ड पट्टीचं, पावडर कोटिंग केलेलं घ्या. बंगल्याच्या पार्किंगला चोरीची फार भीती नसेल तर ॲल्युमिनियमचं. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे मागा. पावसाळा संपला की आणि उन्हाळ्यात महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुऊन वाळू द्या.

पुराच्या पाण्यात शटर बुडालं होतं. वाचेल का?

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडमध्ये अख्ख्या बाजारपेठा पाण्याखाली गेल्या, त्यामुळे कोकणात आणि कृष्णाकाठी हा प्रश्न खरोखरीचा आहे. नुसतं पाणी आठवडाभरात शटर मारत नाही, गाळ मारतो. तो गाईडमध्ये आणि कडांमध्ये सुकून दगड होतो. ओला असतानाच पाइपाने जोरात पाणी मारून वरून खाली धुवा, गाईड पट्टीच्या तुकड्याने खरवडा, आणि तोवर शटर जबरदस्तीने ओढू नका. पाणी पाईपच्या उंचीपर्यंत चढलं असेल तर पुल्या उघडून स्प्रिंगा धुऊन ग्रीस लावून घ्या. पाण्यात गेलेली मोटर आणि कंट्रोल बॉक्स वाळली असं वाटलं तरी इलेक्ट्रिशियनने तपासेपर्यंत वीज जोडू नका. प्रवाहाने किंवा तरंगत आलेल्या वस्तूने पडदा पोटातून आत ढकलला गेला असेल, तर गाईडही उघडले असतील, मग नवीनच.

जुन्या शटरला मोटर बसवता येते?

येते, पण शटर हाताने हलकं चालत असेल तरच. अडकणाऱ्या शटरला मोटर लावली की जे तुम्हाला हाताला कळत होतं ते मोटरला कळत नाही. ती ओढत राहते, आणि पट्ट्या गोळा होतात किंवा गिअर जातो. आधी दुरुस्ती, मग मोटर. पडद्याचं वजन मोटरच्या क्षमतेच्या दोन तृतीयांशाच्या आत ठेवा. वीज गेल्यावर हाताने चालवायची साखळी आतल्या बाजूला हवीच, आणि गाळ्याला दुसरं दार नसेल तर बाहेरून रिलीज करायची सोयही. पार्किंगला गाडी किंवा मूल मध्ये आल्यावर थांबवणारा सेन्सर घ्या, तो ऐच्छिक समजू नका.

रात्री आत माणसं झोपत असतील तर बाहेरून कुलूप लावायचं नाही. मे २०१९ मध्ये पुण्याजवळ उरुळी देवाचीला कापडाच्या गोदामाला आग लागून आत झोपलेले पाच कामगार गेले; दार बाहेरून बंद होतं. शटरचं काम काढलंच आहे तर आतून उघडणारं दार किंवा विकेट गेट, म्हणजे शटरमधलंच छोटं दार, त्यातच करून घ्या.

मोटर नुसती घूं करते, शटर हलत नाही.

लगेच बटण सोडा. सिंगल फेज मोटरमध्ये बहुधा कपॅसिटर गेलेला असतो; तो स्वस्तात बदलतो. आवाजच नसेल आणि नुकतंच चार-पाच वेळा वर-खाली केलं असेल तर मोटर तापून स्वतः बंद पडली आहे, वीसेक मिनिटांनी पुन्हा बघा. शटर ठरलेल्या जागी थांबत नसेल तर लिमिट स्विच सरकला आहे. तिन्हींमध्ये मोटर फेकायचं कारण नाही.

कोटेशन घेताना काय विचारायचं?

कमीत कमी दोन जणांकडून, आणि लेखी. फुटाचा दर ऐकून फसू नका. तो कुठल्या मापावर आहे ते विचारा. काही जण फक्त मोकळी रुंदी-उंची धरतात, बरेच जण पाईपवर गुंडाळलेला एक ते दीड फूट आणि गाईडमध्ये शिरणारी रुंदीही धरतात. दोन्ही पद्धती चालतात, पण दोन दरांची तुलना एकाच मापावर करा. हूड कव्हर, कुलपं, बेअरिंग, रंग, जुनं शटर काढण्याची मजुरी आणि वाहतूक दरात आहे का? स्प्रिंगा किती? माल आला की पट्टीची जाडी न रंगवलेल्या टोकाला मायक्रोमीटरने मोजा, कारण रंगाचा थरही मापात येतो. आणि जुनं शटर चांगलं वजनदार भंगार असतं. त्याची किंमत बिलातून वजा करायला सांगा, बहुतेक वेळा तो विषय कोणी काढतच नाही.

गाळा भाड्याचा असेल तर काम सुरू करण्याआधी करारात शटरची दुरुस्ती कोणाकडे आहे ते वाचा आणि मालकाची संमती मेसेजवर तरी घ्या.

दुरुस्तीनंतर ग्रीस कुठे लावायचं?

पुल्या आणि बेअरिंगला. गाईडमध्ये अजिबात नाही. तिथे धूळ बसून चिकट राड होते आणि शटर आणखी जड चालतं. गाईड कोरड्या फडक्याने पुसा आणि सिलिकॉन स्प्रे किंवा मशीन ऑइलचा पातळ हात द्या. रंगवताना आधी रेड ऑक्साइडचा एक हात, मग ऑइल पेंटचे दोन पातळ हात. रंग जाड झाला तर कडा चिकटतात. गाईडच्या आत रंग लावू देऊ नका.

कामाला किती वेळ लागतो? रात्री दुकान उघडं राहील का?

स्प्रिंगा किंवा चार-पाच पट्ट्या सकाळी सुरू केल्या तर त्याच दिवशी होतात. नवीन शटर माप घेतल्यावर कारखान्यात तयार होऊन येतं, म्हणून जुनं काढायचं नाही जोपर्यंत नवीन तुमच्या दारात उतरलेलं नाही. काढणं आणि बसवणं एका दिवसात बसवा, काम दुपारनंतर सुरू करू देऊ नका, आणि पावसाळ्याच्या तोंडावर कारागिरांकडे गर्दी होते म्हणून तळाचा गंज दिसला असेल तर मार्च-एप्रिलमध्येच माप द्या.